वखारीचे मालक

या सगळ्या प्रकरणात दोष द्यायचाच असेल, तर तो माझ्या शुद्ध मराठीच्या हट्टाला द्यावा लागेल. माझी लेक मला साधं सांगत होती, "बाबा, हा ट्रेडिंग आउटपोस्ट आहे." मी मुकाट्याने 'बरं' म्हणालो असतो तर आज जिना उतरताना मला मोबाईलमध्ये तोंड खुपसून उतरावं लागलं नसतं. पण मुकाट्याने ऐकेल तो मी कसला! मी म्हणालो, "आउटपोस्ट काय आउटपोस्ट! आपल्याकडे चांगला शब्द आहे. वखार म्हण, वखार!"

शब्द बरोबर होता, हे मी अजूनही कोणापुढेही सांगायला तयार आहे. समुद्रापलीकडून आलेले व्यापारी किनाऱ्यावर जागा धरून माल साठवत, देवघेव करत, त्या जागेला वखारच म्हणत. इतिहासाच्या पुस्तकात तसं आहे. फक्त ते पुस्तक शाळा सुटल्यावर कोणी उघडत नाही आणि पुस्तकाबाहेरच्या सगळ्या जगात वखार म्हणजे लाकडाची वखार. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. मी कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतो.

लेक नोकरीसाठी लांब राहते. रविवारी दुपारी आमचं फोनवर बोलणं व्हायचं. "जेवलीस का?" "हो, तुम्ही?" "हो." मग दोन्हीकडे शांतता, आणि ती संपवायला "मग बाकी काय?" याला कंटाळून तिने टीव्हीला जोडायचं खेळाचं एक यंत्र पाठवलं आणि मला समुद्रावरचा चाचा केलं. केस पिकल्यावर, चष्म्याचा नंबर वाढल्यावर मी लुटारू झालो. आमचं दोघांचं एक जहाज होतं. सुकाणू तिच्याकडे असे, कारण पहिल्याच दिवशी मी जहाज धक्क्याला लावण्याऐवजी धक्क्यावर चढवलं होतं. पण खरं सांगू? त्या जहाजावर आम्ही बाप-लेक जेवढं बोललो तेवढं ती घरात असताना बोललो नव्हतो.

तर या खेळात एका बेटावर पडका किल्ला होता. परक्या राज्यकर्त्यांनी बांधलेला आणि राज्य गेल्यावर तसाच टाकून दिलेला. तोफा गंजलेल्या, भिंतीतून झाडं उगवलेली, छपराचा पत्ता नाही. जो कोणी तो साफ करून त्यावर छप्पर घालेल आणि व्यापारी गलबतं तिथे आणेल, त्याची ती वखार. आम्ही ठरवलं, हा किल्ला आपण उभा करायचा. आता छपराला लागतं लाकूड, आणि त्या खेळात लाकूड मिळवणं म्हणजे जिवाचे नुसते हाल. दुसऱ्या बेटावर जा, झाडं तोडा, जहाजात भरा, आणि परत येताना दुसरे चाचे येऊन सगळं लुटून नेणार. आम्ही स्वतः लुटारू असून लोक आम्हालाच लुटतात, याचा मला मनापासून संताप येई.

आमच्या घरात मोबाईलला नीट आवाज येत नाही, म्हणून मी फोन घेऊन जिन्यातल्या खिडकीशी उभा राहतो. एके दिवशी कचेरीतून आल्या आल्या लेकीचा फोन आला आणि मी तिथे उभा राहून मोठमोठ्याने बोलत होतो, "लाकूड आलं का? सगळं आलं? वाटेत कोणी अडवलं नाही ना? मग आधी छपराला लाव. आणि हे बघ, आपण नसताना वखारीवर कोणीतरी पाहिजे. पहारेकरी ठेव. पैशाकडे बघू नकोस!"

फोन ठेवून वळलो तर शिडीवर आमचे सचिव. म्हणजे इमारतीच्या सोसायटीचे सचिव. गळक्या टाकीपासून वाकड्या लावलेल्या स्कूटरपर्यंत कशावरही सूचना लिहून फळ्यावर लावणारा हा माणूस. जिन्यातला दिवा बदलता बदलता त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"वखार टाकलीत?" ते शिडीवरूनच म्हणाले.

आता माझ्या वयाच्या माणसाने, ज्याला सोसायटीच्या सभेत कधी वाक्य पुरं करू दिलं गेलेलं नाही अशा माणसाने, शिडीवरच्या सचिवांना काय सांगावं? की मी लेकीबरोबर चाचा-चाचा खेळतो? मला विलक्षण लाज वाटली. त्या लाजेपोटी मी म्हणालो, "हो, म्हणजे… अगदी छोटीशी."

'छोटीशी' हा शब्द घातक आहे. वखार नाही म्हटलं असतं तर ती नसती. वखार आहे म्हटलं असतं तर लोकांनी दोन-चार प्रश्न विचारून माझा निकाल लावला असता. पण 'छोटीशी' म्हटल्यावर माणूस नुसता मालक होत नाही, नम्र मालक होतो.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीचं वागणं बदललं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका, ज्या मला आजवर फक्त 'तुमचं पाणी खाली गळतंय' एवढंच सांगत आल्या होत्या, त्या जिन्यात थांबून म्हणाल्या, "वाळवीकडे लक्ष ठेवा हं. वाळवी आणि भागीदार, आत शिरेपर्यंत कळत नाहीत." मी गंभीरपणे मान हलवली. सचिवांनी तर सल्ल्यांची रांगच लावली. ओलं लाकूड घेऊ नका. उधारीवर देऊ नका. नातेवाइकांना तर अजिबात देऊ नका. हे सांगून झाल्यावर त्यांनीच विचारलं, "आपल्या इमारतीचं मुख्य दार बदलायचंय. घरच्या भावात बसवाल ना?" आणि दोन दिवसांनी फळ्यावर सूचना लागली, 'इमारतीच्या आवारात लाकूड साठवू नये. ही सूचना कोणा एका सभासदास उद्देशून नाही.' माझ्या आयुष्यात माझ्यासाठी लागलेली ती पहिली सूचना. मी ती दोनदा वाचली.

पुढच्या सभेत तर कमालच झाली. रंग कुठला लावायचा यावर भांडण चाललेलं असताना सचिव म्हणाले, "थांबा, मालकांना बोलू द्या." मालक म्हणजे मी! माझ्या बायकोनेही मला कधी मालक म्हटलेलं नाही, आणि तिचं बरोबरच आहे. पण त्या दिवशी माझी छाती अशी काही फुगली की मी उठून करड्या रंगावर चांगलं मोठं भाषण ठोकलं आणि लोकांनी ते ऐकून घेतलं. लाज वाटत होतीच. पण तिच्यावर मानाचा रंग चढला की ती लवकर दिसत नाही.

बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. ती दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांना 'वय सांगा, वय' असं ओरडून घरी आली की तिला जिन्यातल्या गप्पांत रस नसतो. शिवाय नवऱ्याची वखार आहे ही बातमी बायकोला कोण सांगत बसतो? ती तिला आधीच माहीत असणार, असंच सगळे धरून चालले होते. आमच्या खेळाला ती 'तुमचं ते जहाज' म्हणायची.

कचेरीपर्यंत ही गोष्ट कशी पोचली? सचिवांचे साडू आमच्याच आस्थापना विभागात आहेत, हे मला तेव्हा कळलं. एका सकाळी टेबलावर कागद. 'आपण परवानगीविना खासगी व्यवसाय करीत असल्याचे समजते. तरी लेखी खुलासा करावा.' मी घाबरून लगेच खुलासा लिहिला. इथे मात्र मी खरं लिहिलं, कारण नोकरीचा प्रश्न होता. 'सदर वखार ही वास्तवात नसून दूरचित्रवाणी संचावरील एका खेळात आहे.' कागद शेरा मारून परत आला. 'सदर वखार अस्तित्वात नसल्याबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.'

मी साडूंकडे गेलो. "सक्षम अधिकारी म्हणजे कोण?"

"जिथे वखार आहे तिथला."

"अहो, ती नाहीच आहे."

"मग जिथे नाही आहे तिथला."

"ती समुद्रातल्या बेटावर नाही आहे."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग बंदर अधिकाऱ्याचा चालेल," ते म्हणाले, आणि आवाज खाली आणून आपुलकीने पुढे म्हणाले, "कशाला एवढी खटपट करता? बायकोच्या नावावर आहे असं सरळ लिहा की. खेळ, दूरचित्रवाणी, हे जरा जास्तच होतं. वरचे लोक हसतात."

म्हणजे एकदाच मी लेखी खरं बोललो आणि ते सगळ्यांना न पचणारं खोटं वाटलं. ती फाईल अजून टेबलाटेबलांवरून फिरते आहे. उलट कचेरीतही माझा मान वाढला. हा दिसतो तसा साधा नाही, असं लोक म्हणू लागले.

इथवरचं सगळं मी हसत हसत सांगू शकतो. पुढचं मला जमेल की नाही, माहीत नाही.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एका मोठ्या दुकानात कमोड विकतो. कमोड, फ्लशच्या टाक्या, नळ, बेसिन. माणूस अगदी सरळ. खुर्चीवर बसला तरी कडेला बसतो, जणू ती कोणा दुसऱ्याची आहे. त्या दिवशी ताईची पिशवी द्यायला आला. ताई घरी नव्हती.

"भाऊजी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"खाली सचिव भेटले. म्हणाले, तुम्ही वखार टाकलीत."

टीव्ही समोरच होता. ज्याने खेळायचं ते बटणांचं यंत्र मी घाईने उशीखाली सरकवलेलं होतं आणि त्याच उशीवर बसलो होतो. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण तो पुढे म्हणाला, "फार बरं वाटलं बघा. मला नेहमी वाटायचं, हा एवढा हुशार माणूस त्या कचेरीत कुजतोय." आता तुम्हीच सांगा, असं मला आजवर कोण म्हणालं होतं? मी वाक्य गिळलं.

तो खाली बघत म्हणाला, "मला कुठे जागा होईल का तुमच्याकडे? लाकडातलं कळत नाही, पण शिकेन. कसं आहे, पगाराचं नाही हो काही. परवा शाळेत माझ्या लेकीला विचारलं, तुझे बाबा दुकानात काय विकतात. तर ती म्हणाली, आठवत नाही."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बघू. तू काय परका आहेस? छप्पर पुरं होऊ दे." वर आणखी, "ताईला एवढ्यात काही बोलू नकोस."

आता 'बघू' या शब्दाचा थोडा खुलासा करायला हवा. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. माझे वडील 'बघू' म्हणाले की आम्ही भावंडं तो विषय पुरून टाकत असू. पण माझ्या सासरी 'बघू' म्हणजे झालंच म्हणून समजा. लग्नाच्या बोलाचालीत माझे सासरे मला 'बघू' म्हणाले होते, तेव्हा मी निराश होऊन घरी गेलो आणि मागोमाग त्यांचा होकार आला. हे मला माहीत होतं. इतकी वर्षं त्या घरचा जावई आहे, मला माहीत होतं.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी सकाळी मी आणि लेक लाकूड भरलेलं जहाज घेऊन किल्ल्याकडे निघालो होतो. दाराची घंटा वाजली. बायकोने दार उघडलं.

"काय रे, इतक्या सकाळी?"

"ताई, सोडली नोकरी!" मेहुण्याचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. "उद्यापासून भाऊजींच्या वखारीत!"

मी जहाज वाऱ्यावर सोडलं आणि टीव्ही बंद केला. मागाहून लेकीने सांगितलं की जहाज खडकावर आपटून बुडालं. मी वळलो तर दारात मेहुणा. नवा शर्ट, भांग नीट पाडलेला, आणि हातात मोजमापाची कोरी टेप. कामावर लागायला म्हणून त्याने ती विकत आणली होती.

"कुठल्या वखारीत?" बायको म्हणाली.

मेहुणा माझ्याकडे बघून हसत होता, आता मी सांगेन म्हणून. बायकोने माझ्याकडे बघितलं, मग बंद टीव्हीकडे बघितलं, आणि ती दवाखान्याच्या खिडकीवरची बाई असल्याने तिला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. "यांची वखार टीव्हीत आहे," ती भावाला म्हणाली. "त्या जहाजाच्या खेळात."

मेहुणा आधी हसला. आम्ही थट्टा करतोय असं त्याला वाटलं. मग त्याने हसणं हळूहळू बंद केलं आणि टेप खिशात ठेवली. "असू दे, असू दे," तो म्हणाला. "मीच नीट विचारायला हवं होतं." तो बसला, चहा प्यायला, कप स्वतः आत नेऊन ठेवला आणि गेला. मला एक शब्दही टाकून बोलला नाही.

बायको दार लावून म्हणाली, "सबंध चहा होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. तुम्हाला अवघडायला नको म्हणून." आणि ती आत निघून गेली. ती भांडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्याच्या दुकानात गेलो. दुकानाचे मालक, खरेखुरे मालक, जाडजूड आणि घाईतले होते. "बसा ना," ते म्हणाले. बसायला दुकानात फक्त विकायला मांडलेले कमोड होते. मी उभाच राहिलो, तर म्हणाले, "बसा हो, जोडलेला नाहीये." मी झाकणावर बसलो.

तर त्या फिकट गुलाबी कमोडवर बसून, गुडघे जुळवून, हातात हात घेऊन मी सगळी कहाणी सांगितली. खेळ, किल्ला, छप्पर, सचिव, 'छोटीशी', 'बघू'. शेजारी एक नवरा-बायको बेसिन बघायला आले होते. त्यांनी बेसिन बघणं थांबवलं. मधेच त्या बाईंनी विचारलं, "म्हणजे किल्ल्यावर लाकूड होतं की लाकडाचा किल्ला होता?" मला त्यांनाही नीट समजावून सांगावं लागलं.

मालक म्हणाले, "जाताना मला म्हणाला, भुसा खाईन पण आता फ्लश विकणार नाही. असं तो कधी बोलत नाही हो. आनंदात बोलून गेला बिचारा."

"त्याला परत घ्या," मी म्हणालो. "चूक सगळी माझी आहे."

"घेतो. पण नव्याने. मागची ज्येष्ठता गेली, ती आता नाही देता येणार. तो गेला त्याच दिवशी दुसऱ्याला वर चढवलाय." मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "तुम्ही काय करता नोकरी?" मी सांगितलं. "आणि वेळ मिळतो?" त्यांनी विचारलं. उठताना झाकण खाडकन वाजलं.

मेहुणा परत कामावर लागला. त्याच्यानंतर आलेल्या पोराच्या हाताखाली. हे मला बायकोने सांगितलं, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

त्यानंतरच्या रविवारी तो आमच्याकडे आला. त्याच वेळी सचिव दाराचं माप घेऊन हजर. मेहुण्याला बघून त्यांनी भुवया उंचावल्या. "काय हो, तुम्ही मालकांच्या वखारीत जाणार होतात ना? तुम्हीच तर जिन्यात सांगत होतात."

मी मेहुण्याकडे बघितलं. तो शांतपणे म्हणाला, "नाही जमलं. लाकडाचा भुसा असतो ना. मला खोकला होतो." आणि तो खोकला.

इतका वाईट खोकला मी आयुष्यात ऐकला नाही. त्याला खोटं बोलता येत नाही. पण सचिवांना पटला. "अरेरे! हातचं सोडलंत की हो! मालकांनी घरचा माणूस म्हणून जागा दिली आणि तुम्ही परत त्या कमोडांत? कपाळातच नसतं एकेकाच्या." मेहुण्याने मान हलवली, आपल्या कपाळात नाही हे कबूल असल्यासारखी, आणि माझी बाजू पक्की व्हावी म्हणून पुन्हा खोकला.

"थांब, पाणी आणतो," मी म्हणालो आणि स्वयंपाकघरात पळालो. होय, पळालोच.

बायको ओट्यापाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी पेल्याकडे हात केला तर तिने पेला उचलून बाजूला ठेवला.

"पाणी कोणाला?"

"त्याला. खोकतोय."

"त्याला खोकला झालाय?"

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

मी तसाच रिकाम्या हाताने बाहेर आलो. "सचिव, आत या, बसा," मी म्हणालो. "तुम्हाला वखार दाखवतो." आणि टीव्ही लावला.

तो खेळ सुरू व्हायला फार वेळ घेतो. आधी कवटीचं निशाण फडकतं, मग ढोल वाजतात. ते ढोल वाजत असताना सचिव एकदा माझ्याकडे आणि एकदा टीव्हीकडे बघत होते. मग समुद्र आला, बेट आलं आणि आमचा किल्ला दिसला. अर्ध्यावर छप्पर, अर्ध्यावर आभाळ. "हीच ती," मी म्हणालो. "दुसरी कुठली वखार नाही. कधीच नव्हती. याला खोकलाही नाही. माझ्या थापेपायी याने नोकरी सोडली होती."

सचिवांनी मापाचा कागद घडी करून खिशात घातला. "या वयात?" एवढंच ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. उद्या फळ्यावर काय लागेल, याची मला कल्पना होती.

मेहुणा गेला नाही. तो ती वखार पहिल्यांदाच बघत होता. ज्या जागेसाठी त्याने नोकरी सोडली, ती जागा दाखवा असं तो मला एकदाही म्हणाला नव्हता. खुर्चीच्या कडेला बसून, पुढे वाकून तो सगळं नीट बघत राहिला. तटबंदी, धक्का, माल ठेवायची खोली, दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळं.

"मोठी आहे हो, भाऊजी," तो म्हणाला.

मी त्याच्या आवाजात टोमणा शोधला. असता तर फार बरं झालं असतं.